रिपोर्ट नॉर्मल, पण माणूस?

'टीएसएच नॉर्मल आला तरी बायकोची चिडचिड आणि थकवा जात नाही, म्हणजे हे मनाचेच खेळ ना?' असं एका नवऱ्याने विचारलंय. (टीएसएच म्हणजे थायरॉइड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी.) मी स्वतः हायपोथायरॉइडचा, म्हणजे थायरॉइड कमी काम करण्याच्या आजाराचा, जुना पेशंट, म्हणून लिहितोय. खेळ वगैरे काही नाही हो. सुरुवातीला मी शर्टाची दोन बटणं लावून पलंगावर बसून राहायचो, तिसरं लावायला दहा मिनिटं. घरचे म्हणायचे, आळस!

थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला साधारण 6 आठवडे लागतात. मन त्याच्याही मागून येतं. काही जणांचा थकवा आकडे सुधारल्यावरही रेंगाळतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. इतर हार्मोनच्या आजारांतही असंच. कुशिंगमध्ये, म्हणजे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन फार वाढण्याच्या आजारात, तर ते ताळ्यावर आल्यानंतरही उदासी आणि विसरभोळेपणा बराच काळ राहू शकतो. पीसीओएसच्या (बायकांमधला हार्मोनचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होऊ शकते) 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नैराश्य आणि चिंतेची तपासणी करायला स्पष्ट सांगितलंय. पण दवाखान्यात वजन विचारतात, पाळी विचारतात, झोप कशी आहे ते क्वचितच. (आपणही सांगत नाही म्हणा.)

आधी साधं बघा: गोळी उपाशीपोटी घेतात का? ती आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी यांत 4 तासांचं अंतर आहे का? हिमोग्लोबिन, बी-12 तपासलंय? तेही ठीक असेल आणि मन दोन आठवड्यांहून जास्त काळ खाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, थायरॉइडची गोळी चालू ठेवूनच. आणि वहिनींना 'रिपोर्ट तर चांगला आहे' हे वाक्य तेवढं ऐकवू नका. मी ते फार ऐकलंय.