अनुभव धागा: समुद्राकाठची द्राक्षं (गालिसिया, रीआस बाइशास)

रानजाई
परवा आईने शिनाण्यांचं (काळ्या शिंपल्यांचं) सुकं केलं आणि कांबादोस हे गाव आठवलं. स्पेनचा वायव्य कोपरा. स्पेन म्हटलं की रखरखीत माळ डोळ्यांसमोर येतो, पण इथे कोकणासारखा पाऊस, शेवाळलेले दगडी गडगे आणि आत घुसलेल्या खाड्या. द्राक्षवेली ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव घालून चढवलेल्या. अंगणात, परसात, जिथे जागा मिळेल तिथे, आणि कुठे कुठे त्याच मांडवाखाली बटाटा-कोबी. अल्बारिन्यो ही तिथली पांढरी वाइन, आंबटसर, मागे किंचित खारट चव ठेवणारी. कोणी गेलं असेल तर लिहा ना. बागा, गावं, खाणं, काहीही चालेल.

निफाडकर
मांडवाचं कारण दमट हवा. घड उंचावर राहिले की खालून वारा खेळतो, डावणी-भुरी या बुरशी रोगांचा जोर कमी होतो. आपल्याकडे लोखंडी अँगल नि तार, तिथे सबंध दगडाचा खांब. हात लावला तर गार आणि खरखरीत, एका बाजूला दगडफूल चढलेलं. पिढ्यान् पिढ्या तोच खांब. आपली छाटणी एप्रिल आणि ऑक्टोबर, त्यांची एकदाच, हिवाळ्यात. तोडणी सप्टेंबरात, हात वर करून एकेक घड कापायचा. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटला. इतक्या पावसात द्राक्ष काढणं सोपं नाही. आमच्याकडे तर अवकाळीने यंदाही

(फोन आला, नंतर लिहितो)

खाडीपलीकडची
शिनाणे!! ओ ग्रोवे या खाडीकाठच्या गावाहून बोटीने जा. खाडीत निलगिरीच्या लाकडाचे तराफे तरंगत असतात, त्यांना दोर सोडलेले, बारा मीटरपर्यंत खोल, आणि दोरभर शिनाणे लगडलेले. गालिसियात असे तीन हजारांहून जास्त तराफे आहेत. बोटीवरच वाफवून देतात, सोबत वाइन. मसाला नाही, खोबरं नाही, तरी गोड लागतात.
ओहोटीला बायका फावडी-दाताळी घेऊन चिखलात तिसऱ्या (छोटे शिंपले) काढायला उतरतात. परवाना लागतो, किती काढायच्या तेही ठरलेलं. आमच्या भाट्याच्या खाडीत असं काही झालं तर बरं होईल.

वरणभात
शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं?

रानजाई
@वरणभात पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या! तेलात परतून वर जाडं मीठ. बहुतेक गोड, मधूनच एखादी झणझणीत. फ्रान्सिस्कन साधूंनी अमेरिकेतून बी आणलं असं सांगतात. शिवाय तेतिया चीज. काल्दो गालेगो हे पालेभाजीचं सूप मात्र विचारून घ्या, त्यात डुकराची चरबी असते. सांतियागोचा बदामाचा केक चालेल, पण अंडं आहे.

वरणभात
अंडं चालतं 🙂 आभार. मिरच्यांची भजी करतात का?

मांडवीकाठ
आम्ही पोर्तुगालच्या बाजूने गेलो. मिन्यो नदी ओलांडली की स्पेन. अलीकडे मोन्साऊं-मेल्गासू, पलीकडे कोंदादो दो तेआ आणि ओ रोसाल, सगळे द्राक्षांचेच भाग. द्राक्ष तेच अल्बारिन्यो, पोर्तुगालात त्याला अल्वारिन्यो म्हणतात. वालेन्सा ते तुई पूल १८८६ चा, चालत पार करता येतो. पावलोपावली चर्च, वाटेत घरासमोर मांडव. माझ्या सासूबाईंना तर म्हापशाला आल्यासारखं वाटलं, दुकानदाराशी थेट पोर्तुगीजमध्ये गप्पा!

खाडीपलीकडची
@मांडवीकाठ सासूबाईंना नमस्कार सांगा 😄

चिंचगूळ
फुरांचोबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? शेतकरी घरची उरलेली वाइन घरातच विकतो. दारावर लॉरेलची डहाळी टांगली की समजायचं, चालू आहे. वर्षातून जास्तीत जास्त तीन महिनेच परवानगी. पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत वाइन, सोबत बटाट्याचं ऑम्लेट, लाकडी ताटलीत ऑक्टोपस, वर तेल, मीठ, लाल पापरिका. नामांकित वायनरीपेक्षा मला इथेच जास्त कळलं. म्हातारे काका पुन्हा पुन्हा वाटी भरत होते, भाषेवाचून काही अडलं नाही.
आणि कोम्बार्रो हे गाव चुकवू नका. पाण्याच्या काठावर दगडी खांबांवर धान्याची कोठारं. खांबावर चपटा दगड बसवलेला, उंदीर वर चढू नये म्हणून.

निफाडकर
आलो परत. कांबादोसला ऑगस्टच्या सुरुवातीला अल्बारिन्योचा उत्सव भरतो, १९५३ पासून. गर्दी प्रचंड. बागा शांतपणे बघायच्या तर सप्टेंबर धरा.

वरणभात
सप्टेंबरात पाऊस असतो का? आई सोबत आहे, गुडघे दुखतात.

रानजाई
सरी येतात अधूनमधून. कांबादोसचा जुना भाग सपाट आहे, फेफिन्यान्सच्या चौकात बसायला जागाही आहे. काकूंना जमेल.