मदत हवी आहे: सगळे बोल्ट काढले तरी इनटेक मॅनिफोल्ड निघत नाही

निखिल_प
वरचे पाच बोल्ट काढले, दोन्ही टोकांचे नट काढले, थ्रॉटल बॉडी सोडवून बाजूला केली. तरी मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच) निघत नाही. डावी बाजू बोटभर हलते. उजवीकडे खालून काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. रबरी हातोड्याने ठोकून पाहिलं, फरक नाही. आता फटीत पहार घालून उचकटू का? नवीन गॅस्केट (मॅनिफोल्ड आणि हेडमधलं सील) आणून ठेवलंय, आजच बसवून टाकायचंय. लवकर सांगा.

तेलकट हात
पहार घालू नका. पेट्रोल की डिझेल? मॅनिफोल्ड प्लास्टिकचं की अ‍ॅल्युमिनियमचं? फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) काढली आहे की अजून मॅनिफोल्डवरच आहे? मॅनिफोल्डच्या पोटाखालून इंजिन ब्लॉककडे जाणारं ब्रॅकेट सोडवलं का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नेमकं काय सांगणार?

शलाका
शिवाय ते काढताय कशासाठी, हेही सांगा. गॅस्केट गळतंय याची खात्री कशी केली?

भास्करकाका
कार्बनसाठी काढत असाल तर एवढा खटाटोप करूच नका. टाकीत चांगल्या प्रतीचं इंजेक्टर क्लीनर घाला आणि गाडी हायवेवर चढ्या आरपीएमवर चालवा. व्हॉल्व्ह आपोआप साफ होतात.

निखिल_प
कसं काढायचं ते विचारतोय, का काढायचं ते नाही. पेट्रोल, १.६ लिटर, चार सिलिंडर. मॅनिफोल्ड प्लास्टिकचं, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला. फ्युएल रेल काढली. आयडलिंगला शिट्टीसारखा आवाज येतो आणि पी ०१७१ हा बिघाडाचा कोड आहे. खालच्या ब्रॅकेटचं काही दिसलं नाही.

तेलकट हात
मग तेच अडकलंय. वरून ते दिसत नाही. मॅनिफोल्ड फायरवॉलकडे तोंड करून असेल तर हमखास नाही. गाडी जॅकवर उचला, घोडीवर टेकवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका) आणि खालून टॉर्च मारा. मॅनिफोल्डच्या मधल्या भागातून ब्लॉककडे तिरपी जाणारी लोखंडी पट्टी असेल. तिला साधारणपणे एम८ चे बोल्ट, म्हणजे १२ किंवा १३ नंबरची गोटी लागते. मॅनिफोल्डकडचा बोल्ट काढला की पुरतं. ब्लॉककडचा फक्त सैल करा, पट्टी फिरवून बाजूला घेता येते.

बोल्टांची खालची रांगही तपासा. बऱ्याच प्लास्टिक मॅनिफोल्डना वर पाच आणि खाली दोन-तीन बोल्ट असतात. खालचे बोल्ट दोन रनरच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) मध्ये खोलवर बसलेले असतात. लांब एक्स्टेन्शन आणि वळणारा जॉइंट लागेल. बोल्ट दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा खाली घालून व्हिडिओ काढा.

गोटी पाना
ब्रॅकेटशिवाय आणखी दोन गोष्टी धरून ठेवतात. एक, ब्लॉकमधून मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला येणारा पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप. त्याला स्प्रिंगचा क्लॅम्प असतो आणि रबर गरमीने नळीला चिकटलेलं असतं. ओढू नका, आधी गोल फिरवून चिकट सोडवा. दुसरी, वायरिंगची पट्टी. नॉक सेन्सर आणि ऑइल प्रेशर स्विचच्या वायरी मॅनिफोल्डच्या पाठीला क्लिपांनी अडकवलेल्या असतात.

शिवाय टोकांना नट होते म्हणता, म्हणजे तिथे स्टड (हेडमध्ये बसवलेले, डोकं नसलेले आट्यांचे दांडे) आहेत. मॅनिफोल्ड वर उचलून निघणार नाही. स्टडच्या लांबीइतकं सरळ मागे यायला हवं, मगच वर. मागे फायरवॉलमुळे तेवढी जागा नसेल तर स्टडच काढा. एकाच स्टडवर दोन नट लावून एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि आतला नट उलटा फिरवायचा, स्टड बाहेर येतो. स्टडच्या टोकाला तारेसारखा आकार असेल तर ई-टॉर्क्स सॉकेट थेट बसतं.

शलाका
भास्करकाका, प्रश्न पी ०१७१ चा आहे, म्हणजे मिश्रणात हवा जास्त होतेय. कार्बनचा विषय कुठून आला? आणि क्लीनरचं म्हणाल तर ज्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं तिथेच ते व्हॉल्व्हला लागतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला थेंबही लागत नाही. तिथे मॅनिफोल्ड काढून, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असताना अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेने मारून साफ करावं लागतं.

निखिल, शिट्टी आणि कोड एवढ्यावरून गॅस्केटच ठरवलंत का? स्कॅनर आहे का? आयडलिंगला फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) अधिक १५ ते २५ टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, असं असेल तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा शिरतेय. आरपीएम वाढवल्यावर ट्रिम आणखी वर जात असेल तर पेट्रोलचा दाब कमी आहे किंवा एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर घाण झालाय. तसं असेल तर नवीन गॅस्केटने काहीच सुटणार नाही.

निखिल_प
आयडलिंगला अधिक २१, २५०० ला अधिक ४. हे आधीच पाहिलंय. खाली जाऊन बघतो.

वाचनमात्र
हे आकडे एमएएफवाल्या इंजिनाला लागू. नुसता एमएपी (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सर असलेल्या इंजिनात गळतीची हवाही दाबाच्या मापात धरली जाते, संगणक त्या हिशेबाने पेट्रोल देतो. म्हणून तिथे मिश्रण बिघडण्याऐवजी आयडलिंग चढतं. पुढे कोणी हा धागा वाचून फसू नये म्हणून लिहिलं.

भास्करकाका
इंजिन ऑइल कोणतं वापरता? बऱ्याच १.६ ना ५डब्ल्यू-३० चालतं. काही जण १५डब्ल्यू-४० घालतात, थंड इंजिनाला ते जड पडतं.

तेलकट हात
काका, ऑइलसाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

निखिल, फ्युएल रेल काढली म्हणता, पण प्रेशर कसं उतरवलं? पोर्ट इंजेक्शनच्या (व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारणाऱ्या) रेलमध्ये इंजिन बंद असतानाही ३ ते ४ बार दाब टिकून राहतो. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यायचं, पुन्हा काही सेकंद स्टार्टर मारायचा, मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. रेल निघाली असेल तर आता प्रश्न नाही, पण लाइनचं तोंड बंद करून ठेवा. इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा मॅनिफोल्डमध्ये बसतात. त्या नवीनच टाका, नाहीतर गॅस्केट बदलूनही हवा तिथून शिरेल.

निखिल_प
निघालं! ब्रॅकेट होतंच, खालच्या रांगेत एक बोल्टही होता. पीसीव्हीचा पाइप फिरवल्यावर सुटला. जुन्या गॅस्केटचा तिसऱ्या सिलिंडरचा भाग चपटा आणि कडक झालाय, त्या कडेला काळा डागही दिसतोय. दोन प्रश्न. हेडचा पृष्ठभाग घासायला ड्रिलला लावायची खरखरीत चकती आहे, चालेल? आणि गॅस्केटवर सिलिकॉन लावू का?

गोटी पाना
चकती मुळीच नाही. तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण पोर्टमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जातात, बेअरिंग खातात. आधी चारही पोर्टमध्ये स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं कोंबा. कोणत्यातरी सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह आत्ता उघडे असणारच. एखादा वायसर आत पडला तर हेड उतरवायची वेळ येईल. फडक्यांची संख्या कागदावर लिहा, काढताना मोजा. घासायला प्लास्टिकची पट्टी आणि ब्रेक क्लीनर, तेही फडक्यावर घेऊन, थेट पोर्टमध्ये फवारायचं नाही.

मंदार_ऑटो
सिलिकॉनचा पातळ थर मी नेहमी लावतो, कधी गळलं नाही. हेडचा पृष्ठभाग जुना झाला की बारीक ओरखडे असतात, ते भरून निघतात.

गोटी पाना
मंदार, हे प्लास्टिकच्या खाचेत बसणारं रबरी गॅस्केट आहे. ते कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉनमुळे रबर घसरतं, आवळताना खाचेतून बाहेर येऊन कडेला चेपतं. जास्तीचं सिलिकॉन आत पिळून निघतं, कडक झाल्यावर तुकडा सुटतो आणि व्हॉल्व्हकडे ओढला जातो. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते, ते वेगळंच.

मंदार_ऑटो
पण व्ही-६, व्ही-८ च्या मॅन्युअलमध्ये सिलिकॉन लावायला सांगितलेलं असतं, त्याचं काय?

वाचनमात्र
ते वेगळ्या ठिकाणी. पुशरॉडच्या व्ही इंजिनांत मॅनिफोल्ड दोन हेडच्या मधली दरीही झाकतं. तिथे पुढच्या-मागच्या कडेला आणि हेड-ब्लॉक जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिलिकॉन लागतं, तेही ऑइल अडवायला. पोर्टच्या गॅस्केटवर तिथेही लावत नाहीत. निखिलचं इंजिन सरळ रांगेतलं आहे, त्याला कुठेच नको.

शलाका
बसवण्याआधी मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी ठेवून लांबीत आणि तिरपं, दोन्हीकडे फीलर गेजने बघा. प्लास्टिक मॅनिफोल्ड गरमीने वाकतं. एकाच सिलिंडरचं गॅस्केट चपटं झालंय म्हणून विशेष बघा. किती वाक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं. त्याहून जास्त असेल तर मॅनिफोल्डच बदला, घासून सपाट करण्याच्या फंदात पडू नका.

निखिल_प
पट्टीखाली ०.०५ चं पातंही जात नाही. पण एका बोल्टच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चिंधी आलीय. एम६ आहे. नवीन बोल्ट हाताने फिरवला तर दोन आटे धरतो, मग फिरतच राहतो.

मंदार_ऑटो
पाच-सहा मि.मी. लांब बोल्ट टाका. भोकात खाली चांगले आटे उरलेले असतात.

गोटी पाना
आधी भोकाची खोली व्हर्निअरच्या टोकाने मोजा. बोल्ट तळाला टेकला तर आवळल्यासारखा वाटेल, पण मॅनिफोल्ड दाबलं जाणार नाही आणि तिथेच पुन्हा गळेल. खाली आटे शिल्लक असतील तर लांब बोल्ट ठीक. नसतील तर हेलिकॉइल (भोकात नवीन आटे देणारी तारेची गुंडाळी). एम६ बाय १.० साठी ६.३ मि.मी. चं ड्रिल, त्यावर किटमधला टॅप. ड्रिल आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, चुरा त्यालाच चिकटतो. भोक आंधळं (आरपार नसलेलं) असेल तर ड्रिलवर टेप लावून खोली ठरवून घ्या, म्हणजे पलीकडे पाण्याच्या वाटेत घुसणार नाही.

तेलकट हात
आता आवळण्याचं नीट वाचा, आटे त्यातच जातात. काढताना बाहेरून आत, बसवताना मधून बाहेर. सगळे बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जाऊ द्या, रॅचेट नंतर. मग तीन फेऱ्यांत टॉर्क. एम६ ला साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर, एम८ ला १८ ते २५. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, तोच खरा. प्लास्टिक मॅनिफोल्डच्या भोकांत धातूच्या नळ्या असतात. बोल्टचा जोर नळीवर येतो आणि गॅस्केट ठरलेल्या मापापर्यंतच दबतं, त्यामुळे जास्त आवळून सील चांगलं होत नाही, फक्त आटे जातात. खालच्या ब्रॅकेटचा बोल्ट अगदी शेवटी. आधी आवळलात तर ब्रॅकेट मॅनिफोल्डला खाली ओढून धरतं आणि एका बाजूचं गॅस्केट कमी दबतं.

मंदार_ऑटो
८ न्यूटन-मीटरला मोठा टॉर्क रेंच वापरू नका. १/२ इंचाचा साधारण ४० पासून पुढे मोजतो. तुमच्याकडे क्लिकवाला आहे की काटेवाला?

वाचनमात्र
काटेवाला चांगला, कॅलिब्रेशन हलत नाही.

मंदार_ऑटो
फायरवॉलकडे तोंड करून काटा वाचणार कसा? तिथे १/४ इंचाचा क्लिकवालाच हवा. फक्त काम झाल्यावर स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

निखिल_प
१/४ चा क्लिकवाला आहे. भोक खोल होतं, ६ मि.मी. लांब बोल्ट तळाला न टेकता ९ न्यूटन-मीटरला धरला. सगळं जोडलंय. चालू करण्याआधी काय बघू?

तेलकट हात
फडकी मोजली का? मग ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारा) बारीक पाइप, पीसीव्ही, एमएपी सेन्सर, चारही इंजेक्टरचे कनेक्टर यांवरून हात फिरवा. किल्ली फक्त ऑनवर दोन-तीन वेळा करा म्हणजे पंप रेल भरेल. टॉर्च लावून इंजेक्टरच्या मुळाशी पेट्रोल ओलं दिसतंय का बघा. ओलं असेल तर स्टार्टर मारूच नका. कोरडं असेल तर चालू करा. बॅटरी काढली होती म्हणून आयडलिंग थोडा वेळ वरखाली होईल. एसी, दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. काही गाड्यांत थ्रॉटलचं रीलर्न (संगणकाला त्याची जागा पुन्हा शिकवणं) स्कॅनरनेच करावं लागतं.

निखिल_प
कोरडं होतं. चालू केली, सुरुवातीला १३०० वर होती, गरम झाल्यावर ७५० वर स्थिर. शिट्टी गेली. ट्रिम आयडलिंगला अधिक ३. कोड पुसलाय. सगळ्यांचे आभार.

शलाका
छान. लाँग टर्म ट्रिम स्थिरावायला वेळ लागतो. आठवडाभराने पुन्हा वाचा आणि इथे आकडा टाका. अधिक १० च्या वर गेला तर स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

प्रवासी_२२
माझी डिझेल आहे. मॅनिफोल्डमध्ये काजळी साचून वाट अर्धी झालीय, स्वर्ल फ्लॅपही (हवेला भोवरा देणाऱ्या झडपा) अडकतात. हीच पद्धत चालेल का?

गोटी पाना
वेगळा धागा काढा. इंजिन कोणतं, ईजीआर (एक्झॉस्टचा धूर परत इनटेकला नेणारी यंत्रणा) कूलर मॅनिफोल्डला जोडलेला आहे का आणि फ्लॅपची दांडी प्लास्टिकची की धातूची, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा. कूलर जोडलेला असेल तर आधी कूलंट काढावं लागेल.