गॅस गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपातून गळती, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरला मनीषनगरात राहतो. परवा एलपीजीचा गिझर बाल्कनीत लावला (बाथरूममध्ये नकोच म्हटलं, कार्बन मोनॉक्साइडची भीती). प्लंबरने गरम पाण्याच्या तोंडाला सीपीव्हीसीचं (गरम पाण्याच्या पाइपांचं प्लॅस्टिक) प्लॅस्टिक आट्याचं फिटिंग थेट पिळलं. पाणी तापलं की आट्यातून थेंब थेंब गळतं, थंड झालं की बंद. टेफ्लॉन टेप दोनदा गुंडाळून झाली. आता पितळी आट्याचं फिटिंग घेऊ की स्टीलची लवचिक नळी?

दुसरं, टाकी जेमतेम दहा फूट वर. नळ बारीक केला की बर्नर विझतो. प्रेशर पंप लागेलच का?

गॅसची नळी साबणाच्या फेसाने तपासली, बुडबुडे नाहीत. आई सध्या पातेल्यात पाणी तापवते अन् बोलणी मला बसतात. अनुभव असेल तर सांगा न भाऊ!