रिस्टोअर केलेली एमजीबी: २२,५०० पौंड रंगाचे की पत्र्याचे?

स्पॅनर_सतरा

ऑक्सफर्डशरमधल्या एका खासगी विक्रेत्याची जाहिरात बऱ्याच जणांकडे फिरतेय, म्हणून धागा काढला. मजकूर थोडक्यात असा: १९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजीची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), रंग टील ब्लू, नट-बोल्टपर्यंत उघडून मूळ स्थितीत पुन्हा बांधलेली. काम २०१९ मध्ये पूर्ण, त्यानंतर फक्त ४०० मैल. नव्या सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या), पुढची नवी मडगार्डं, इंजिन रीबिल्ड, सिलिंडर हेड अनलेडेडला (बिनशिशाच्या पेट्रोलला) चालणारं, ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी), वायर व्हील (तारांच्या आऱ्यांची चाकं), क्रोम ग्रिल. एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) 'लागत नाही'. मागणी २२,५०० पौंड.

माझ्या मते घेऊ नये.

ही गाडी दुर्मीळ नाही. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० मध्ये रोडस्टर आणि जीटी (पक्क्या छपराची) मिळून पाच लाखांवर एमजीबी बनल्या. तेव्हा जास्तीचे पैसे आपण मोजतो ते मजुरीचे, आणि ही मजुरी रंगाखाली गाडलेली आहे. रोडस्टरला छप्पर नाही आणि वेगळी चेसिसही नाही. सगळं बळ दाराखालच्या दोन सिल आणि मधल्या बोगद्यात. सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी नव्हे. बाहेरची सिल, आतली सिल, दोघींच्या मधला उभा पडदा आणि तळाची कॅसल रेल, असे चार पत्रे मिळून ती पेटी होते. गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत मधल्या पडद्याची बहुधा चाळणी झालेली असते. 'नव्या सिल' एवढ्यावरून चारही पत्रे बदलले की जुन्यावर नवा डकवला, हे कसं कळणार?

शिवाय बदलताना दारं जागेवर हवीत, पुढच्या आणि मागच्या खांबांत आडवी कांब वेल्ड करून हवी, खालून समतल आधार हवा आणि एका वेळी एकच बाजू कापायला हवी. यातलं काही टाळलं की गाडी मधोमध बसते. मग दाराची मागची फट वर चिकटते आणि खाली फाकते. पेंटर ती पुट्टीने सारखी करून देतो आणि फोटोत सगळं झकास दिसतं.

यापेक्षा निम्म्या किमतीत ठिगळं उघड दिसणारी, दरवर्षी रस्त्यावर असलेली गाडी मिळते. ती घ्यावी.

धुरकट

असहमत. ठिगळाची गाडी प्रामाणिक असते, हा एक गोड गैरसमज. ठिगळ दिसतं, त्याच्या शेजारचा पत्रा दिसत नाही. दोन-तीन वर्षांत तिलाही सिल लागणारच, मग हिशोब बघा. पत्रे स्वस्त आहेत, पण बाहेरची सिल पुढच्या मडगार्डच्या मागे शिरते म्हणून मडगार्ड उतरवायचं. ते बोल्टवर बसतं, पण त्यातले काही बोल्ट हाताला लागता लागत नाहीत आणि पन्नास वर्षांचे गंजलेले असतात. मागे सिल वेल्ड केलेल्या मडगार्डखाली जाते, तिथे बाहेरचा पत्राच कापावा लागतो. कापलं की रंग आला. एक बाजू रंगवली की दुसरी फिकी दिसते, म्हणजे पूर्ण गाडी. वर मजुरीवर २० टक्के व्हॅट. निम्म्या किमतीची गाडी या किमतीला कधी येऊन टेकली ते कळणारही नाही, आणि इंजिन अजून उघडलेलंच नसेल.

रिस्टोअर करणारा बहुतेक वेळा तोट्यातच विकतो. त्या तोट्याचा फायदा आपल्या पदरात पडत असेल तर का नाकारायचा?

एमओटीबद्दल उगाच संशय नको. ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून सूट आहे. रोड टॅक्सही माफ.

तिसरा_गिअर

सूट आहे हे खरं, पण स्वखुशीने एमओटी करून घेता येते आणि खर्च किरकोळ आहे. साडेबावीस हजार मागणाऱ्याने ती करून द्यावी. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. जुने एमओटी निकाल २००५ पासूनचे सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून मिळतात. रिस्टोरेशनच्या आधीचे शेरे वाचा. 'सिल गंजलेली' असा शेरा एकाच बाजूचा असेल आणि बिल दोन्ही बाजूंचं, तर विचारायला मुद्दा मिळतो.

माझी भीती पत्र्यापेक्षा त्या ४०० मैलांची. जाहिरातीत ते गुण म्हणून लिहिलंय, मला तो दोष वाटतो. हे १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन. आपल्या अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसीवाल्याचा हा थोरला भाऊ, तेव्हा स्वभाव ओळखीचा. नवीन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्यावर घासणारे टॅपेट बसवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना साधारण २,००० ते २,५०० आरपीएमवर वीस मिनिटं ठेवावं लागतं, म्हणजे त्यांचे पृष्ठभाग एकमेकांत बसतात. हौशी माणूस काय करतो? सुरू झालं म्हणून आनंदाने आयडलवर सोडतो, कार्ब्युरेटर जुळवत बसतो. तेवढ्यात कॅमची टोकं खरवडली जातात. वर तेल आधुनिक पातळ घातलं, ज्यात झिंकचं प्रमाण कमी, तर संपलंच. जुन्या गाड्यांसाठीचं २०डब्ल्यू-५० हवं, फिल्टरसकट सव्वाचार लिटर.

कानाने तपासायचं तर टॅपेटची बारीक टकटक असलीच पाहिजे. अगदी गप्प इंजिन ऐकून खूश होऊ नका. व्हॉल्व्हची फट ०.०१५ इंचापेक्षा कमी ठेवली असेल, किंवा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडत चालला असेल. हेड बिडाचं आहे. शिसंवालं पेट्रोल बंद झाल्यापासून त्यात कठीण सीट बसवाव्या लागतात. 'अनलेडेड हेड' म्हणतात ते हेच, आणि त्याचं मशीन शॉपचं बिल असतं. बिल नसेल तर ते फक्त शब्द आहेत.

तेलाचा दाब गरम इंजिनावर, चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५. थंड इंजिनावरचा दाब बघून निर्णय घेऊ नये, तेव्हा सगळ्यांचाच छान असतो.

आणि सहा वर्षं उभी गाडी म्हणजे ब्रेकच्या सिलिंडरची रबरं, जुनं ब्रेक फ्लुइड, टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१८ म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा.

धुरकट

कॅमचं मान्य. पण ते दोन हजार पौंडांच्या घासाघिशीचं कारण आहे, गाडी सोडायचं नाही.

पिवळा_दिवा

कोणी ग्रिलबद्दल बोललंच नाही. फोटोतली क्रोमची उभ्या पट्ट्यांची ग्रिल साठच्या दशकातली. या रंगाची, या मॉडेल वर्षाची गाडी काळ्या, आत दबलेल्या ग्रिलसह बाहेर पडायची. लोकांना ती आवडत नाही म्हणून बदलतात. तेव्हा मूळ स्थितीत आणली हा दावा पहिल्याच फोटोत पडतो. वायर व्हीलही तसंच. १९६९ पासून साधं चाक रोस्टाइलचं (दाबून बनवलेल्या पत्र्याचं) होतं, वायर व्हील पैसे भरून मिळणारा पर्याय. गेडनच्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून या गाडीचं प्रमाणपत्र काढता येतं. त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर आणि कारखान्यात बसवलेले पर्याय लिहिलेले असतात. आधी ते मागा.

गंजनिरोधक

ग्रिल चार बोल्टांची गोष्ट. कोणाला काय आवडतं त्यावर भांडण्यात अर्थ नाही. वायर व्हीलचा मुद्दा मात्र ग्रिलसारखा सोडून देऊ नका, तो दिखाऊ नाही. वायर व्हीलच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल अरुंद असतो. रोस्टाइलच्या रुंद अ‍ॅक्सलवर नुसते बोल्टचे अडॅप्टर लावून वायर व्हील चढवली असतील तर टायर मागच्या मडगार्डच्या कडेला घासू शकतो. अडॅप्टर की बदललेला अ‍ॅक्सल, हा थेट प्रश्न विचारा.

हबवरचे, म्हणजे वायर व्हील ज्यांत अडकतं ते, दातेही बघा. मागचं चाक उचला, हँडब्रेक ओढा आणि चाक हाताने पुढे-मागे हलवा. ड्रम स्थिर आणि चाक हलतंय, तर दाते झिजलेत. चाक काढून पाहिलं तर चांगला दाता माथ्यावर सपाट दिसतो, झिजलेला करवतीसारखा टोकदार. झिजलेल्या हबवर नवी कोरी चाकं चढवलेली असली तर नव्या चाकांचेही दाते जातात, आणि रिस्टोरेशनमध्ये हे सर्रास होतं, कारण चाक दिसतं, हब दिसत नाही.

समोर असताना किंगपिनही (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती) बघून घ्या. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात आणि दर ३,००० मैलांना ग्रीस लागतं. रंगवताना निपलवर रंग बसलेला असेल तर त्यानंतर तिथे ग्रीस गन लागलेली नाही, हे उघड आहे.

मधली_लेन

ओव्हरड्राइव्ह आहे म्हणून एवढी किंमत का? आता माझदाचा पाच गिअरचा बॉक्स बसवून मिळतो. तो असता तर समजू शकलो असतो.

तिसरा_गिअर

त्याचा पाचवा आणि ओव्हरड्राइव्हचा चौथा, रस्त्यावर जवळपास तेच. ओव्हरड्राइव्हचं प्रमाण ०.८२. ताशी सत्तर मैलांच्या वेगाला नुसत्या चौथ्यात साधारण ३,९०० आरपीएम, स्विच टाकला की ३,२००. शिवाय तो तिसऱ्यालाही लागतो. बंद पडला तर दहातल्या आठ वेळा विजेचं कारण असतं: गिअरबॉक्सवरचा स्विच, तुटकी वायर, सोलेनॉइड. तेल गिअरबॉक्सचंच, तेही २०डब्ल्यू-५०. गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिनासकट वर काढावा लागतो, म्हणून पैसे देण्याआधी चाचणीत तिसरा आणि चौथा दोन्हीत लावून बघा. क्लचही तेव्हाच. रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, पाय पेडलवर ठेवून चालवणाऱ्याकडे लवकर झिजतं.

स्पॅनर_सतरा

सगळे इंजिनात गेलात. पत्रा राहिलाच.

धुरकट, तुमचा तोट्याचा मुद्दा नव्या शेलवर (बॉडीच्या पत्र्याच्या सांगाड्यावर) बांधलेल्या गाडीला लागू होतो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर एमजीबीचं पूर्ण शेल बनवतं. त्यावर बांधलेल्या गाडीला मी जास्त पैसे मोजेन, कारण तिथे पत्र्याचं कोडं उरत नाही. फक्त पेट्यांच्या आत गंज रोखणारं मेण कधी फवारलं एवढं विचारायचं. इथे तसं शेल नाही. इथे 'नव्या सिल' आहेत.

धुरकट

आणि शेल नवं म्हटल्यावर गाडी जुनी उरते का, हा वाद तुम्हीच उकरून काढाल. दुरुस्त केलेलं मूळ शेल मला जास्त पटतं. अट एकच, कामाचे फोटो हवेत: सिल उघडी असतानाचे, मधला पडदा दिसतो असे, आणि त्यात आडवी कांब दिसणारा एक तरी.

गंजनिरोधक

जाहिरातीतला डाव्या बाजूचा फोटो मोठा करून बघा. दाराच्या पुढच्या कडेच्या थोडं खाली, जिथे मडगार्ड संपून सिल सुरू होते, तिथे उभी सांध्याची रेघ असायला हवी. मागेही तशीच एक. इथे दोन्ही जागा गुळगुळीत आहेत, टोकापासून टोकापर्यंत एकसंध.

स्पॅनर_सतरा

तेच म्हणतोय. वरून चढवलेली सिल.

धुरकट

किंवा पेंटरने 'नीट दिसावं' म्हणून रेघ भरली. हेही होतं, मूर्खपणा असला तरी. फोटोवरून निकाल देऊ नका. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक घेऊन जा. सांध्याच्या जागी धरत नसेल तर खाली पुट्टी आहे. मग गाडीखाली झोपून कॅसल रेल बघा, तिची कड सरळ आणि वेल्डचे ठिपके ओळीत हवेत. सीटमागचं बॅटरीच्या पेट्यांचं झाकण उघडा. त्या पेट्या आणि स्प्रिंगचे पुढचे हँगर शेजारीशेजारी असतात, आणि ज्याने सिल नीट केली त्याने ते सोडलेले नसतात.

गंजनिरोधक

आणि निघण्याआधी विक्रेत्याकडून एक फोटो मागवा: गाडी चारही चाकांवर, दार बंद, मागची फट वरपासून खालपर्यंत एका चौकटीत. गेलात की जॅक सिलखालच्या पॉइंटवर लावून ती बाजू उचला आणि तेच दार उघडून बंद करा. अडकलं, तर बाकी यादी तपासायची गरज नाही.