जाहिरातींचं खातं बंद पडतं, तेव्हा चूक कोणाची?

पाणंद (धागाकर्ता)

वेबसाइटवर जाहिराती लावणाऱ्यांची एक तक्रार सतत ऐकू येते: 'आम्ही काहीच केलं नाही, तरी खातं बंद झालं.' मला हे पटत नाही. बहुतेक खाती मालकाच्या बेफिकिरीमुळे जातात, आणि ती वाचवणं मालकाच्याच हातात असतं.

आधी पैसा कुठून येतो ते बघा. जाहिरात दिसली किंवा तिच्यावर क्लिक झाला, की पैसे जातात जाहिरातदाराच्या खिशातून. गूगलच्या अ‍ॅडसेन्ससारखी सेवा आपल्या साइटवर जाहिराती लावते आणि त्यातला वाटा आपल्याला देते. क्लिक खोटा निघाला तर जाहिरातदार पैसे परत मागणार, आणि ते रास्तच आहे. म्हणून नियम कडक आहेत. स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीवर क्लिक करायचा नाही, अगदी 'नीट उघडते का बघू' म्हणूनसुद्धा नाही. 'जाहिरातीवर क्लिक करून आम्हाला हातभार लावा' असं वाचकांना सांगायचं नाही. मेन्यूला किंवा डाउनलोडच्या बटणाला जाहिरात इतकी चिकटवायची नाही, की बोट चुकून तिच्यावरच पडेल. एका माणसाने एकच खातं ठेवायचं. यात न कळण्यासारखं काय आहे? तरी लोक मित्रांना लिंक पाठवून 'एकदा दाबून दे रे' म्हणतात आणि खातं गेलं की सेवेच्या नावाने बोटं मोडतात.

सगळ्यात घातक म्हणजे विकतचं ट्रॅफिक, म्हणजे पैसे मोजून साइटवर आणलेली गर्दी. स्वस्तात ढीगभर वाचक आणून देतो म्हणणारा बहुतेक वेळा बॉटच आणतो, म्हणजे माणसाचं सोंग घेणारे प्रोग्रॅम.

अर्धविराम

पूर्ण असहमत. तुम्ही सांगितलेले सगळे नियम पाळूनही खातं जाऊ शकतं, कारण साइटवर कोण येणार हे मालक ठरवत नाही. कोणी खुन्नस म्हणून तुमच्या जाहिरातींवर क्लिकचा मारा केला तर? एखादा लेख कुठल्या तरी ग्रुपवर फिरला आणि रातोरात अनोळखी गर्दी लोटली तर?

माझं खातं एका जाहिरात सेवेने असंच बंद केलं. अपील केलं, तर 'तपासणीनंतर निर्णय कायम' एवढंच उत्तर आलं. कोणतं पान, कोणता दिवस, ट्रॅफिक कुठून आलेलं, काहीही नाही. आरोप काय तेच माहीत नसेल तर बचाव कशाचा करायचा? 'तपशील दिला तर चोरांना आमची पद्धत कळेल' हे या सेवांचं ठरलेलं कारण. म्हणजे चोराला कळू नये म्हणून निरपराधालाही अंधारात ठेवायचं. यात बेफिकिरी माझी कशी?

पाणंद

तुम्हाला कारण मिळायला हवं होतं, यावर वाद नाही. पण मारा झाला की लगेच खातं गेलं, असं नेहमी होत नाही. बरेचसे खोटे क्लिक आधीच गाळले जातात, काही नंतर कमाईतून वजा होतात. संशय आला की अ‍ॅडसेन्स पुष्कळदा आधी जाहिरातींची संख्या मर्यादित करतं. ती मर्यादा साधारणपणे 30 दिवसांच्या आत उठते, कधी लांबते. हाच इशारा असतो, आणि अनेक मालक त्या काळात हातावर हात ठेवून बसतात.

खरं काम तेव्हाच असतं. ट्रॅफिकचे आकडे स्रोतानुसार वेगळे करून बघायचे. एकाच स्रोताकडून अचानक गर्दी वाढली, माणसं पान उघडून क्षणात निघून जातायत आणि तरीही क्लिकचं प्रमाण चढतंय, तर तिथे पाणी मुरतंय हे नक्की. त्या पानांवरच्या जाहिराती लगेच काढायच्या. अवैध क्लिक कळवायला गूगलचा वेगळा फॉर्म आहे, तो भरायचा. मारा थांबवणं मालकाच्या हातात नसेलही, पण तो लक्षात येणं आणि आपणहून कळवणं आहे.

भरती_ओहोटी

जाहिरातदारांना कसं वागवतात ते बघा. जाहिरातदार जिथे जाहिराती देतात त्या गूगल अ‍ॅड्सने सप्टेंबर 2021 पासून काही नियमांसाठी स्ट्राइकची, म्हणजे नियमभंगाची नोंद मोजण्याची, पद्धत आणली. आधी ताकीद, मग पहिल्या स्ट्राइकला खातं 3 दिवस थांबवायचं, दुसऱ्याला 7 दिवस, तिसऱ्याला निलंबन. 90 दिवस नीट राहिलं की जुना स्ट्राइक पुसला जातो. गंभीर फसवणुकीला ताकीद मिळत नाही, ते ठीकच. पण बाकीच्यांना आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते दिसतं. जाहिरातींना जागा देणाऱ्या साइटमालकाला अवैध ट्रॅफिकच्या बाबतीत अशी मोजलेली पायरी का नको?

तळटीप

कायद्यातही हीच भोकं आहेत. युरोपीय संघाचा 2019/1150 हा नियम 12 जुलै 2020 पासून लागू झाला. ऑनलाइन मंचावर धंदा करणाऱ्याची सेवा पूर्ण बंद करायची, तर काही अपवाद सोडून किमान 30 दिवस आधी कारणांसह कळवायचं, असं तो सांगतो. नेमकी हीच गरज! पण त्याच नियमाच्या पहिल्या कलमात ऑनलाइन जाहिरातींची साधनं आणि जाहिरात एक्स्चेंज (जाहिरातींच्या जागेचे ऑनलाइन बाजार), विक्रेता आणि ग्राहक यांचे थेट व्यवहार जुळवून देणारी नसतील तर, वगळलेली आहेत. म्हणजे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला संरक्षण, आणि जाहिरातींवर साइट चालवणारा उघड्यावर. अशा वेळी 'नियम पाळा, बाकी विश्वास ठेवा' हे अपुरं आहे.

पाणंद

30 दिवसांची नोटीस इथे चालणारच नाही. मेथबॉट या जाहिरात घोटाळ्याचं प्रकरण आठवा. 2016 मध्ये ते उघडकीला आलं. भाड्याच्या 1,900 हून जास्त सर्व्हरवर बॉट बसवले होते आणि 5,000 हून जास्त खऱ्या साइटची नावं वापरून जाहिरातींचे पैसे लाटले जात होते. 2018 मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला, सूत्रधाराला 2021 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. अशांना महिनाभराची मुदत देणार?

नावांच्या याच चोरीवर उपाय म्हणून 2017 मध्ये अ‍ॅड्स डॉट टेक्स्ट ही फाइल आली. माझ्या साइटवरची जागा कोण विकू शकतं, त्याची ती उघड यादी. किती साइटवर ती फाइल नसते किंवा चुकीची असते! दोन मिनिटांचं काम, पण करत नाहीत. म्हणून मी पुन्हा बेफिकिरीवर येतो.

तळटीप

मुदत म्हणजे जाहिराती चालू ठेवा, असं कोण म्हणतंय? जाहिराती थांबवा, पैसे अडकवून ठेवा, फक्त तारीख आणि पानाचा पत्ता सांगा. एवढ्याने मेथबॉटवाल्यांच्या हाती काही लागत नाही. आमच्या हाती मात्र बचाव लागतो.

पाणंद

तारीख आणि पान, एवढं द्यायला माझी हरकत नाही. शोधण्याची पद्धत उघड करायला आहे.

नवखी

मी साइटच्या प्रचाराचं काम एकाला दिलंय. तो ट्रॅफिक कुठून आणतो, विचारलं तर 'ते आमच्यावर सोडा' म्हणतो. आकडे वाढलेत हे खरं. काळजी करू का?

अर्धविराम

हो, करा. या एका बाबतीत मी पाणंद यांच्या बाजूने आहे. स्रोत लेखी मागा, आणि देत नसेल तर आजच काम थांबवा. तोपर्यंत त्या ट्रॅफिकच्या पानांवरच्या जाहिराती बंद ठेवा. सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी कुठून आलं याच्या नोंदी, बहुतेक ठिकाणी काही काळाने आपोआप पुसले जातात, ते आत्ताच उतरवून ठेवा. त्याच्याशी झालेली बोलणी, बिलं, काम थांबवल्याचा मेल, सगळं जपा. माझ्याकडे अपिलाच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, कारण असं काही लागेल हे सेवेने कधी सांगितलंच नव्हतं.