पातळ भांडं पोखरताना थरथर : बार जाड करायचा की भिंत सांभाळायची?

सुतारपक्षी
लेथवर अरुंद तोंडाचं लाकडी भांडं पोखरताना आतून 'कर्रर्र' सुरू झालं, की बहुतेक जण स्टेडी रेस्ट (भांड्याला बाहेरून चाकांनी आधार देणारी चौकट) शोधायला लागतात. माझं स्पष्ट मत : पैसे आधी बारवर, म्हणजे पोखरायच्या हत्याराच्या दांड्यावर घाला. टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) पुढे बार जेवढा बाहेर, त्याच्या घनाच्या पटीत तो वाकतो. म्हणजे बाहेरची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला वाक आठपट. ताठपणा मात्र व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 12 मिमीच्या जागी 16 मिमीचा बार घेतला तरी तो तिपटीहून अधिक ताठ मिळतो. एवढा फायदा दुसरं कुठलंच साधन देत नाही.

कातकाम
हिशेब बरोबर, पण दोषाचं निदान अर्धवट. भिंत 3-4 मिमीवर आली की बार नाही, भिंतच घंटेसारखी वाजते. मग बार कितीही जाड घाला, आतल्या अंगाला तिरप्या रेघा उठणारच.

ओळखायचं कसं, तर बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल, कुठे चीर किंवा साल नसेल, तर कातताना डाव्या हाताची बोटं बाहेरून अलगद टेकवा. आवाज तिथल्या तिथे बसला तर दोष भिंतीचा. मग उपाय एकच, क्रम. तोंडाकडचे 3-4 सेंमी आधी शेवटच्या जाडीला आणायचे, कॅलिपर लावून बघायचं आणि मगच खाली सरकायचं. खालचं लाकूड जाड असतं तोवर ते वरच्याला धरून ठेवतं. एकदा खाली गेलात की परत वर हात लावायचा नाही.

सुतारपक्षी
क्रमाबद्दल दुमत नाही. पण खांद्याच्या (तोंडाखालच्या फुगीर भागाच्या) आत शिरायला वाकडा बार लागतो, आणि तिथे भिंत जाड असतानाही थरथर होते, ती कशामुळे? बाक टूल रेस्टवर आला की बार हातातच पिळवटतो. रेस्टवर नेहमी सरळ दांडाच हवा. शिवाय हत्याराचं टोक भांड्याच्या मध्यरेषेच्या किंचित वर ठेवा. बार दबला तर टोक भिंतीपासून सुटतं. मध्यरेषेच्या खाली असेल तर दबताच लाकडात घुसतं. पातळ बाराला हे सगळं जास्तच जाचतं.

ओलं लाकूड
तुम्ही दोघं लाकडाबद्दल बोलतच नाही! डेव्हिड एल्सवर्थ यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत पातळ पोकळ भांड्यांचा जो पायंडा पाडला, तो हातात धरलेल्या वाकड्या हत्यारांनी. ताजा कापलेला आंबा घ्या. टोक अरुंद आणि नुकतं धार लावलेलं असेल तर जोर जवळजवळ लागतच नाही, लांब ओली किस बाहेर येते. जोर कमी तर थरथर कमी. फक्त काम एका बैठकीत संपवा. रात्रभर ठेवलंत तर भांडं लंबगोल होतं, टोक उंचवट्यावर आपटत राहतं आणि मग कुठलाच बार वाचवत नाही.

कातकाम
शोभेच्या भांड्याला ठीक. झाकणाच्या डबीचं काय? ओली कातलेली डबी वाळताना वाकते, झाकण बसत नाही. तिथे व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी भिंत ठेवून वाळवायचं आणि नंतर पुन्हा कातायचं. वाळलेला सागवान, 150 मिमी खोली, 3 मिमी भिंत : इथे स्टेडी रेस्टशिवाय मी हत्यार आत घालणार नाही.

सुतारपक्षी
घाला स्टेडी रेस्ट, पण चाकं नुसती टेकली पाहिजेत. आवळलीत तर तीच भिंत आत दाबतात आणि जाडी कमीजास्त होते. चाकांचा काळपट पट्टा बाहेर उमटतो, त्यासाठी तिथे थोडं लाकूड जास्त ठेवा. आणि तरीही बार 12 मिमीचाच असेल तर 150 मिमी खोलीवर तुमची चाकं काय करणार?

कातकाम
डबीला 16 चा बार मलाही मान्य. पण 25 मिमीचं तोंड असलेल्या कुपीत 16 चा बार घातला की वळायला जागा उरत नाही. तिथे 12 च लागतो, आणि तिथे भिंतच सांभाळावी लागते.