मदत हवी आहे: रिअ‍ॅक्टरमध्ये एन्झाइमच्या मण्यांचा चुरा होतोय

नमस्कार मंडळी. २ लिटरच्या जॅकेटवाल्या काचेच्या रिअ‍ॅक्टरमध्ये पेनिसिलिन-जीचं हायड्रोलिसिस करून (म्हणजे पाण्याने रेणू तोडून) ६-एपीए, म्हणजे अमॉक्सिसिलिनसारख्या औषधांचा कच्चा माल, बनवतोय. एन्झाइम पेनिसिलिन असायलेज, मण्यांवर बसवलेलं. तापमान २८ अंश, पीएच ८. अभिक्रियेत फिनाइल अ‍ॅसेटिक आम्ल सुटत राहतं, म्हणून पीएच सारखा खाली येतो आणि अल्कली थेंबथेंब सोडावी लागते.

घोडं इथेच अडलंय. स्टरर हळू ठेवला तर अल्कली पडते तिथे पीएच उसळतो, बीटा-लॅक्टम रिंग (पेनिसिलिनच्या रेणूतलं मुख्य कडं) फुटते आणि उतारा घसरतो. वेग वाढवला तर आठ-दहा बॅचमध्ये मण्यांचं पीठ! तळाची जाळी तुंबते, गाळायला अर्धा दिवस जातो. एन्झाइम काही स्वस्त नाही, साहेबांचा चेहरा बघवत नाही.

सध्या चार पात्यांचा टर्बाइन स्टरर आहे. अँकर (नांगराच्या आकाराचा, हळू फिरणारा स्टरर) लावून बघू, की मणी जाळीच्या टोपलीत ठेवून द्रावणच फिरवत ठेवू? सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी पातळ अमोनिया कुणी वापरलाय का? अल्कलीची नळी पात्याजवळ, द्रावणात बुडवून सोडली तर फरक पडतो का?

पुस्तकातलं वाचून झालंय. हाताने केलेल्यांनी सांगा, प्लीज.